पाहणीतून जिल्हा वेगळा काढताना: नंदुरबार आणि वगळलेल्या ओळी

१/
१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी या सहा तालुक्यांचा नवा जिल्हा अस्तित्वात आला. प्रशासनाच्या दृष्टीने ही एका दिवसाची घटना होती. आकडेवारीच्या दृष्टीने मात्र हे विभाजन आजही रोज नव्याने करावे लागते. राज्याच्या वा देशाच्या पाहणीतून ‘फक्त नंदुरबार’ वेगळा काढणे ही संगणकावर एका ओळीची आज्ञा आहे. ती ओळ चुकली, तर हाती येणारा आकडा खरा दिसतो, पण त्याची खात्री खोटी असते. हा धागा त्या एका ओळीच्या इतिहासाविषयी.

२/
या भूभागाला कापले जाण्याची सवय जुनी आहे. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९६० मध्ये मुंबई राज्याची पुनर्रचना होताना पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदा व अक्कलकुवा या भागांतील काही गावे गुजरातकडे गेली. उरलेला जिल्हा धुळे म्हणून ओळखला जाऊ लागला आणि १९९८ मध्ये तोही विभागला गेला. प्रत्येक वेळी सीमारेषा सरकली आणि जुन्या तक्त्यांतील ‘जिल्हा’ हा शब्द नव्या जिल्ह्याला लागू पडेनासा झाला.

३/
विभाजनाने काय उघड होते, हे २०११ च्या जनगणनेत दिसते. नंदुरबारची लोकसंख्या १६,४८,२९५ होती. तिच्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९.३ टक्के होते. धुळ्यात तेच प्रमाण सुमारे ३१.६ टक्के होते. दोन्ही जिल्हे पूर्वीप्रमाणे एकत्र धरले, तर उत्तर सुमारे ४८ टक्के येते. हे ४८ टक्के गणिताने अचूक आहेत, तरी ते ना धुळ्याचे वर्णन करतात ना नंदुरबारचे. एकत्रित सरासरी खोटे बोलत नाही. ती दुसऱ्याच कोणाविषयी बोलत असते.

४/
जनगणनेत ही अडचण सोडवता येते. तिथे प्रत्येक गावाची नोंद असते. १९९१ च्या धुळे जिल्ह्यातील गावांची आजच्या सीमेनुसार पुन्हा बेरीज केली, की जुना नंदुरबार उभा राहतो. नमुना पाहणीत हा मार्ग बंद असतो. तिथे निवडक गावे आणि त्यांतील निवडक कुटुंबेच असतात. ज्या गावात गणक गेलाच नाही, त्याची बेरीज कोठून आणणार? म्हणून नमुन्यातून एखादा भाग वेगळा काढणे हे बेरजेचे काम राहत नाही. ते अनुमानाचे काम होते आणि अनुमानाला आपली चूक किती असू शकते, हेही सांगावे लागते.

५/
भारतात या शास्त्राचा पाया प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या बंगालमधील ताग-पाहणीने घातला गेला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या या कामात त्यांनी एक साधी, पण दूरगामी युक्ती वापरली. एकाच क्षेत्रातून दोन स्वतंत्र उपनमुने घ्यायचे आणि ते वेगवेगळ्या पथकांकडे सोपवायचे. दोन्ही पथकांची उत्तरे जवळपास जुळली, तर विश्वास ठेवायचा. फार वेगळी आली, तर आकड्यापेक्षा मोजणीकडे आधी पाहायचे. उपसंच इथे संशोधनाचा विषय नव्हता. तो संपूर्ण पाहणीची परीक्षा घेत होता.

६/
याच काळात साताऱ्याच्या बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पिकांच्या उत्पादनाच्या पाहण्या उभारत होते. पीककापणीसाठी किती मोठा तुकडा घ्यावा, यावर त्यांचा महालनोबिसांशी प्रसिद्ध वाद झाला. तुकडा लहान घेतला, तर उत्पादन फुगवून दिसते, असे सुखात्म्यांनी १९४६ मध्ये दाखवले. कारण समजायला सोपे होते. दोरीच्या रेषेवर उभे असलेले रोप आत मोजायचे की बाहेर, हा प्रश्न आला, की माणसाचा हात ते आत घेतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कड मोठी आणि तितकीच ही चूकही मोठी. उपसंचाच्या सगळ्या इतिहासात हे रेषेवरचे रोप पुन्हा पुन्हा भेटते.

७/
स्वातंत्र्यानंतर ऑक्टोबर १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीची पहिली फेरी सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांच्या नमुना-निवडविषयक उपआयोगाचे अध्यक्षपद त्या सुमारास महालनोबिसांकडेच होते. पाहणीतील ज्या लहान गटाविषयी स्वतंत्र उत्तर हवे असते, त्याला या उपआयोगाने १९५० मध्ये एक नाव दिले. मराठीत त्याला ‘अभ्यासक्षेत्र’ म्हणता येईल. नाव मिळाले, कारण प्रश्न ओळखला गेला होता. संपूर्ण देशासाठी आखलेल्या पाहणीतून एखादा गट वेगळा काढला, तर त्या गटात किती माणसे येतील हे आधी कोणीच ठरवलेले नसते.

८/
राष्ट्रीय नमुना पाहणीने राज्यांचे ‘प्रदेश’ पाडले. महाराष्ट्रातील अंतर्गत उत्तर प्रदेशात नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार एकत्र येतात. म्हणजे नाशिकच्या द्राक्षबागा, जळगावची केळी आणि सातपुड्याच्या उतारावरील अक्राणीची कोरडवाहू शेती एकाच सरासरीत बसते. हा दोष पाहणीचा नाही. जेवढा नमुना परवडतो, तेवढ्याच बारकाईने उत्तर देण्याचे वचन ती देते. चूक तेव्हा होते, जेव्हा वाचक त्या प्रादेशिक आकड्यावर नंदुरबारचे नाव लिहून मोकळा होतो.

९/
आरोग्याच्या क्षेत्रात हे बारकावे हळूहळू आले. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने १९९२-९३ मध्ये पहिली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी पार पाडली. तिच्यात देशभरातील सुमारे ८८ हजार कुटुंबे होती आणि उत्तरे राज्यांपुरती होती. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत कुटुंबे सहा लाखांवर गेली आणि देशातील ६४० जिल्ह्यांसाठी स्वतंत्र पत्रके निघाली. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ६,३६,६९९ कुटुंबे आणि ७०७ जिल्हे होते. त्यांपैकी महाराष्ट्रातील कुटुंबे ३१,६४३. जिल्ह्यामागे सरासरी काढली, तर नऊशेच्या आसपास घरे. साऱ्या चर्चेचे भांडवल एवढेच.

१०/
ही घरे कशी निवडली जातात, हे समजल्याशिवाय पुढचा मुद्दा उलगडणार नाही. प्रत्येक जिल्ह्याचे शहरी व ग्रामीण असे स्तर केले गेले. ग्रामीण गावांची विभागणी कुटुंबसंख्या आणि अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण यांनुसार उपस्तरांत झाली. प्रत्येक उपस्तरातून गावे निवडली गेली आणि निवडलेल्या प्रत्येक गावातून २२ घरे. गाव मोठे असले, तर त्याचे भाग पाडून त्यांतले दोनच भाग घेतले जात. सातपुड्यात एक गाव म्हणजे डोंगरावर विखुरलेले अनेक पाडे असू शकतात. तिथे कोणता भाग निवडीत आला यावरही बरेच अवलंबून असते.

११/
या रचनेतील मूळ एकक घर नसून गाव आहे. एका गावातील २२ घरांना एकच विहीर, एकच अंगणवाडी, एकच रस्ता असतो. म्हणून ती २२ घरे म्हणजे २२ स्वतंत्र साक्षी नव्हेत. विदा-फाइलमध्ये प्रत्येक ओळीसोबत तीन गोष्टी येतात: ती कोणत्या स्तरातील, कोणत्या गावातील आणि तिचा भार किती. या प्रकारच्या फाइलींत भार पूर्णांकात साठवलेला असतो आणि वापरण्यापूर्वी त्याला दहा लाखांनी भागावे लागते. या तीन रकान्यांना मिळून पाहणीची ‘रचना’ म्हणतात.

१२/
आता संशोधक फाइल उघडतो. त्याला हवी आहेत नंदुरबार जिल्ह्यातील, आदिवासी कुटुंबांतील, ६ ते २३ महिन्यांची बालके. तो एक अट लिहितो. अट पूर्ण न करणाऱ्या सगळ्या ओळी पुसतो आणि उरलेल्या लहान फाइलवर आपले सांख्यिकीय प्रतिमान बसवतो. हे इतके स्वाभाविक वाटते, की त्यात निर्णय आहे असेही कोणाला वाटत नाही. पण पुसलेल्या ओळींसोबत आणखी काही पुसले गेले आहे.

१३/
ते काय, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एका उपस्तरात आठ गावे निवडली गेली. हव्या त्या गटातील बालके त्या गावांत अनुक्रमे ४, ०, ५, ०, ३, ०, ० आणि ४ सापडली. एकूण १६. चार गावांत असे एकही बालक नव्हते. ओळी पुसल्या, की ही चार गावे फाइलमधून समूळ नाहीशी होतात, कारण त्यांची एकही ओळ उरत नाही. संगणकासमोर राहतात चारच गावे: ४, ५, ३, ४. सगळी कशी एकसारखी!

१४/
समान भार धरून या एकूण संख्येची प्रमाण त्रुटी काढू. आठही गावे ध्यानात घेतली, तर ती सुमारे ६.२ येते. चारच गावे धरली, तर सुमारे १.६. बेरीज दोन्हीकडे १६ च. म्हणजे उत्तर तेच राहते आणि त्यावरचा विश्वास मात्र चौपट होतो. हा वाढीव विश्वास कोणत्याही नव्या माहितीतून आलेला नसतो. तो माहिती फेकून दिल्याने आलेला असतो.

१५/
‘शून्य’ ही माहिती का? समजा, तीच पाहणी उद्या नव्या निवडीने पुन्हा केली. कदाचित सहा गावांत अशी बालके सापडतील, कदाचित दोनच गावांत. अशी बालके कुठे आहेत आणि कुठे नाहीत, हेच तर निश्चित नव्हते. रिकामी गावे त्या अनिश्चिततेची साक्ष देतात. एच. ओ. हार्टली यांनी १९५९ मध्ये या विश्लेषणाचा स्वच्छ मार्ग मांडला. गटाबाहेरच्या व्यक्तीला काढून टाकू नका, तिचे मूल्य शून्य माना. सारे गणित मूळ नमुन्यावरच चालू द्या. १९६५ मध्ये लेस्ली किश यांच्या ग्रंथाने नमुना-पाहणीतील उपवर्गांची ही चर्चा जगभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत नेली.

१६/
इथे एक बारकावा प्रामाणिकपणे नोंदवायला हवा. संख्येऐवजी टक्केवारी किंवा सरासरी काढली, तर दोन पद्धतींमधला फरक वरील उदाहरणाइतका मोठा नसतो. पुष्कळदा तो किरकोळ असतो. पण गट जसजसा लहान होतो, तसतसा तो वाढू लागतो. ओळी पुसल्यावर एखाद्या उपस्तरात एकच गाव उरले, तर त्या उपस्तरातील चढउतार मोजताच येत नाही आणि आज्ञावली त्रुटीचा संदेश देऊन थांबते. अनेक जण तो संदेश टाळण्यासाठी स्तरच काढून टाकतात. आजारावरचे औषध म्हणून तापमापक फोडण्यासारखेच हे.

१७/
हा प्रश्न आज्ञावलींत कसा शिरला, हाही इतिहासच आहे. बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या ‘एस’ या भाषेतील प्रतिमानांवरचा ग्रंथ १९९२ मध्ये आला. त्यातील प्रतिमान-आज्ञांना ‘सबसेट’ नावाचा एक पर्याय होता. कोणत्या ओळी घ्यायच्या ते सांगा, उरलेल्या बाजूला ठेवल्या जातील. ‘एस’चा वारसा चालवणाऱ्या ‘आर’ या मुक्त भाषेत तो तसाच आला. प्रयोगशाळेतील वा शेतावरील प्रयोगांच्या विदेसाठी ही सोय निर्दोष होती, कारण तिथे प्रत्येक ओळ स्वतंत्र मानता येते. नमुना पाहणीच्या ओळी स्वतंत्र नसतात आणि त्या पर्यायाला हे माहीत नसते.

१८/
पाहण्यांसाठी वेगळी साधने लागली. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना येथील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये बी. व्ही. शहा यांच्या प्रयत्नांतून ‘सुडान’ नावाची प्रणाली घडली. ‘स्टाटा’ने पाहणीसाठीच्या आज्ञांत ‘सबपॉप’ हा पर्याय दिला. थॉमस लमली यांनी ‘आर’साठी ‘सर्व्हे’ नावाचे पॅकेज लिहिले आणि २००४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. या सर्वांमागे एकच तत्त्व आहे: आधी संपूर्ण पाहणीची रचना घोषित करा, मग उपसंच निवडा. ओळी नजरेआड होतात, पण प्रत्येक स्तरात मुळात किती गावे होती, याची स्मृती टिकते.

१९/
क्रम हाच इथे सगळा अर्थ आहे. ‘आधी नंदुरबार कापा, मग रचना सांगा’ आणि ‘आधी रचना सांगा, मग नंदुरबार निवडा’ ही दोन वाक्ये जवळजवळ सारखीच दिसतात. पहिल्यात अट पूर्ण करणाऱ्या बालकांची गावेच शिल्लक राहतात. दुसऱ्यात गणक ज्या गावांत गेला आणि काहीच न सापडता परतला, त्या गावांचीही दखल राहते. भारांचेही तसेच आहे. साध्या प्रतिमान-आज्ञेला भार दिले, तर सहगुणक योग्य येतील, पण त्या आज्ञेला ‘भार’ म्हणजे मोजमापाची अचूकता वाटते. म्हणून तिने दिलेल्या त्रुटीवर विसंबता येत नाही.

२०/
आणखी एक जागा अशी आहे, जिथे चूक आवाज न करता घडते. बालकाची उंची वयाच्या मानाने किती कमी आहे, हे या फाइलींत शंभरपट करून लिहिलेले असते. उणे २०० पेक्षा कमी म्हणजे खुजेपणा. ज्या नोंदी अशक्यप्राय वाटतात, त्यांना ९९९६ ते ९९९८ असे सांकेतिक आकडे दिलेले असतात. संशोधकाने ‘उणे २०० पेक्षा कमी असेल तर खुजे, नाहीतर सुदृढ’ एवढीच अट लिहिली, तर सदोष नोंद असलेले प्रत्येक मूल सुदृढ ठरते. छेदातील संख्या वाढते आणि कुपोषणाची टक्केवारी कागदावर उतरते.

२१/
कोऱ्या रकान्यांची कथा याहून विचित्र आहे. ‘स्टाटा’ कोऱ्या मूल्याला कोणत्याही संख्येपेक्षा मोठे मानतो. म्हणून ‘वय २४ महिन्यांपेक्षा अधिक’ ही अट वय न नोंदवलेल्या बालकांनाही आत घेते. ‘आर’मध्ये ‘सबसेट’ला अटीचे उत्तर कोरे मिळाले, तर तो ती ओळ वगळतो. एकाच विदेवर, एकाच शब्दांत लिहिलेल्या अटीतून दोन आज्ञावली दोन वेगळे उपसंच काढू शकतात. सुखात्म्यांचे रेषेवरचे रोप ते हेच. इथे त्याला आत-बाहेर करणारा हात यंत्राचा आहे, एवढाच फरक.

२२/
उपसंच संगणकाच्या आधीही निवडला जातो. या पाहणीत बालकांचे पोषण मोजताना आदल्या रात्री त्या घरात मुक्कामाला असलेली बालकेच धरली जातात. मोजणीसाठी हा नियम योग्य आहे. पण नंदुरबारच्या डोंगराळ भागातून अनेक कुटुंबे हंगामात कामासाठी गुजरातेत जातात आणि लेकरे सोबत नेतात. दाराला कुलूप असलेल्या घरातील मूल कोणत्याही अटीने वगळले जात नाही. ते फाइलमध्ये आलेलेच नसते. महाराष्ट्रात पाचव्या फेरीचे क्षेत्रकाम २० जून ते ३० डिसेंबर २०१९ या काळात झाले. पाऊस, पेरणी, कापणी आणि स्थलांतराचा आरंभ, सारे याच महिन्यांत येते.

२३/
वयाच्या उपसंचाने महाराष्ट्रात एकदा मोठाच घोळ घातला. २०१२ मध्ये राज्यात सर्वंकष पोषण पाहणी झाली. तिच्यात दोन वर्षांखालील बालकांतील खुजेपणा सुमारे २४ टक्के आढळला. त्याच वयोगटात काही वर्षांपूर्वी तो एक तृतीयांशाहून बराच अधिक होता. ही घट देशभर गाजली. मग २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीचा ३४.४ टक्के हा आकडा आला आणि ‘खुजेपणा पुन्हा वाढला’ असा समज पसरणे सहज शक्य झाले. पण हा आकडा पाच वर्षांखालील बालकांचा होता. त्याची तुलना २००५-०६ च्या ४६.३ टक्क्यांशी करायला हवी, २४ शी नव्हे.

२४/
खुजेपणा जन्माबरोबर पूर्ण दिसत नाही. पहिल्या दोन वर्षांत तो साचत जातो. म्हणून लहान वयाचा उपसंच घेतला, की टक्केवारी कमीच येणार. राष्ट्रीय पाहणीच्या फेऱ्याही या बाबतीत एकसारख्या नाहीत. पहिल्या फेरीत चार वर्षांखालील, दुसरीत तीन वर्षांखालील आणि तिसरीपासून पाच वर्षांखालील बालके मोजली गेली. मधल्या काळात, २००६ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने वाढीचे नवे मानकही आणले. तीस वर्षांची रेषा काढू पाहणाऱ्याने प्रत्येक फेरीतून समान वयाचा उपसंच घेऊन तो समान मानकावर मोजला पाहिजे. तसे न केल्यास रेषेतील चढउतार बालकांचे नसून व्याख्यांचे असतील.

२५/
पाहणी करणाऱ्यांना उपसंचाच्या मर्यादा ठाऊक असतात. जिल्हा पत्रकांत काही आकडे कंसात असतात. ते २५ ते ४९ व्यक्तींवर आधारलेले असतात. २५ पेक्षा कमी व्यक्ती असतील, तर आकड्याच्या जागी तारका छापली जाते. स्तनपान न करणाऱ्या ६ ते २३ महिन्यांच्या बालकांच्या आहाराचा रकाना अनेक जिल्ह्यांत असा रिकामा राहतो. वर्तमानपत्रात जाताना मात्र कंस गळून पडतो. आणि कच्ची फाइल उघडून तोच उपसंच स्वतः काढणाऱ्याला तारका दाखवायला कोणी नसते. संगणक अकरा बालकांचीही टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत बिनतक्रार देतो.

२६/
किती बालके पुरेशी? निम्म्याच्या आसपासचे प्रमाण ३०० स्वतंत्र बालकांवरून काढले, तर खरी संख्या दोन्ही बाजूंना सुमारे पावणेसहा टक्क्यांच्या पट्ट्यात असू शकते. बालके १०० असतील, तर पट्टा सुमारे पावणेदहा टक्क्यांचा होतो. गावागावांतील सारखेपणामुळे तो आणखी रुंदावतो. नंदुरबारमध्ये चौथ्या व पाचव्या दोन्ही फेऱ्यांत पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. राज्यात हेच प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास होते. ही दरी इतकी मोठी आहे, की कोणताही रास्त पट्टा ती बुजवू शकत नाही. पण दोन फेऱ्यांमध्ये दिसणारा एक-दोन टक्क्यांचा फरक ‘सुधारणा’ किंवा ‘घसरण’ म्हणून मिरवता येत नाही.

२७/
मग अक्राणीचे काय? चौथ्या फेरीत जिल्ह्यामागे सरासरी पंचेचाळीसच्या आसपास गावे वा वस्त्या आल्या. सहा तालुक्यांत त्या वाटल्या, तर तालुक्यामागे सात-आठ. शिवाय सार्वजनिक फाइलमध्ये तालुक्याची ओळख दिलेली नसते. १९७९ मध्ये फे आणि हेरियट यांनी अमेरिकेतील लहान गावांच्या उत्पन्नासाठी अशा पेचावर उपाय मांडला: लहान क्षेत्राच्या तोकड्या नमुन्याला इतर क्षेत्रांकडून बळ उसने द्यावे. हार्टलींचेच विद्यार्थी जे. एन. के. राव यांनी हे शास्त्र पुढे विस्तारले. इथेही उपसंच तोडून वेगळा केला जात नाही. तो संपूर्णाशी जोडलेला ठेवूनच वाचला जातो.

२८/
उसन्या बळालाही किंमत असते. प्रतिमान अक्राणीला शहाद्याच्या सपाट, बागायती गावांसारखे समजू लागले, तर डोंगरावरचा आकडा मैदानाकडे ओढला जाईल. म्हणून कोणाकडून उसने घ्यायचे हे ठरवताना रस्ता, उंची, जमात आणि पाणी यांची माहिती प्रतिमानात यावी लागते. ती माहिती आज्ञावलीच्या पुस्तकात मिळत नाही. ती जिल्ह्याच्या इतिहासात आणि भूगोलात असते.

२९/
जानेवारी २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील चार जिल्हे होते: नंदुरबार, वाशीम, गडचिरोली आणि उस्मानाबाद. तेव्हापासून या जिल्ह्यांची प्रगती निर्देशांकांनी मोजली जाते आणि क्रमवारीत मांडली जाते. अशा वेळी उपसंच कसा निवडला, कोणत्या ओळी गेल्या, त्रुटी किती, हे प्रश्न विद्यापीठातील वर्गापुरते उरत नाहीत. त्रुटी लपलेला आकडा एखाद्या वर्षी अंगणवाडीला शाबासकी देऊ शकतो आणि पुढच्या वर्षी तिच्यावर ठपका ठेवू शकतो. दोन्ही वेळा बालकांच्या ताटात काहीच बदललेले नसते.

३०/
१९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला, तेव्हा तो धुळ्याच्या सरासरीतून बाहेर आला. त्याचे खरे प्रश्न दिसण्यासाठी ते आवश्यक होते. पण वेगळे काढणे आणि तोडून टाकणे यांत फरक आहे. महालनोबिसांच्या जोड-नमुन्यांपासून लमलींच्या पॅकेजपर्यंतचा हा प्रवास तोच फरक शिकवतो. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्याकडेच पाहावे, पण ज्या गावांत जाऊन गणक रिकाम्या हाताने परतला, ती गावे हिशेबातून पुसू नयेत. ‘इतक्या बालकांविषयी आपल्याला इतकेच ठाऊक आहे’ हे सांगण्याचा अधिकार त्या गावांमुळेच मिळतो.